दगडाचा घसारा

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बाबांसाठी एक खोली बांधायची, एवढीच मूळ योजना होती. या योजनेचा अश्मयुगाशी कसलाही संबंध नव्हता, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. कारण पुढे आमच्या गल्लीत असा समज पसरला की मी पहिल्यापासूनच काहीतरी शोधण्यासाठी खणत होतो आणि खोली हा केवळ देखावा होता. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या दाव्यांची तपासणी करतो. जळालेली गोदामे, भिजलेले कापडाचे गठ्ठे, जिन्यावरून गडगडत गेलेले फ्रीज यांची किंमत ठरवणे हे माझे काम. देखावा कसा करतात हे मी रोज पाहतो. तो मला करायचाच असता, तर गवंड्याला आगाऊ रक्कम देऊन नक्कीच केला नसता.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि बाहेरच्या खोलीतला दिवाण त्यांचा झाला. त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही, हीच अडचण होती. त्यांचे सारे आयुष्य पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात गेले होते. लोकांच्या दारात जायचे, आकडा पाहायचा, घरमालक काय सांगतो यावर विश्वास ठेवायचा नाही आणि एक शब्द न बोलता निघून यायचे. आई गेल्यापासून ते आमच्या घरातही तसेच वावरत. विचारले तर उत्तर देत. आपणहून त्यांनी एखादे वाक्य सुरू केल्याचे मला आठवत नव्हते.

त्यांना त्रास होऊ नये म्हणून आम्ही पाहुण्यांना स्वयंपाकघरात स्टुलांवर बसवू लागलो होतो. माझ्या पत्नीची मैत्रीण एकदा गॅसच्या शेगडीला पाठ टेकवून बसली आणि तिच्या साडीचा पदर थोडक्यात बचावला. त्या संध्याकाळी पत्नी म्हणाली, "अहो, बाबांना एक खोली हवी. आणि मला बाहेरची."

दुसरे वाक्य तिने फार हळू उच्चारले. पण ते मी ऐकले, आणि दुर्दैवाने बाबांनीही ऐकले असावे.

पायाचा खड्डा कमरेएवढा झाला तेव्हाची गोष्ट. गवंडी आत उतरून दगड बाहेर फेकत होता आणि बाबा मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. एक दगड त्यांच्या पायाशी येऊन थांबला. त्यांनी कप पायरीवर ठेवला, वाकले, दगड उचलला आणि कुणीही काहीही विचारलेले नसताना म्हणाले, "हा फेकू नका."

गवंडी खड्ड्यातून मान वर काढून म्हणाला, "आजोबा, दगडच आहे. असले गाडीभर देतो."

"असला नाही देणार."

मी आणि खिडकीत उभी असलेली पत्नी एकमेकांकडे पाहत राहिलो. बाबा लागोपाठ दोन वाक्ये बोलल्याला कित्येक महिने झाले होते.

दगड काळपट होता. एका बाजूला जाड आणि गोल, दुसरीकडे निमुळता होत गेलेला. बाबांनी तो उजव्या हातात धरून मला दाखवला. तळहातात जाड भाग, अंगठ्याखाली खळगा, आणि बोटांच्या पलीकडे दोन्ही बाजूंनी टवके काढून धार काढावी तशी कड. "हे कुणीतरी घडवलंय," ते म्हणाले. "धरून बघ."

मी धरला. अंगठा खळग्यात नीट बसेना.

"तुझा हात लहान आहे," बाबा म्हणाले आणि दगड परत घेतला. पन्नाशीला आलेल्या माणसाला त्याच्या वडिलांनी गवंड्यासमोर असे सांगावे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

संध्याकाळपर्यंत शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावरून डोकावले. हे गृहस्थ सज्जन आहेत. परंतु जगातली कोणतीही वस्तू हातात आली की तिची कीड शोधायची, ही त्यांची सवय. त्यांनी दगड आपल्या दवाखान्यात नेला, खुर्चीवरचा मोठा दिवा त्यावर वळवला, लहान आरसा धरून कडेची पाहणी केली आणि नंतर त्याचा एक्स-रे काढला.

"आत काही नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"दगडाच्या आत काय असणार?" मी विचारले.

"तेच म्हणतोय मी. अगदी निरोगी आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण एक सांगू? कुणाला कळू देऊ नका. माझ्या मावसभावाच्या प्लॉटवर एक मडकं निघालं. मडकं! तेही फुटकं. पुरातत्त्व खात्याची माणसं आली, दोऱ्या बांधल्या, खणायचं नाही म्हणाली. तो अजून भाड्याच्या घरात राहतो."

"आणि मडकं?"

"मडकं कपाटात राहतं. त्याला स्वतंत्र खोली आहे."

ही बातमी कुणाला न सांगण्याचा सल्ला डॉक्टरांनी त्या आठवड्यात आपल्या प्रत्येक रुग्णाला दिला. रुग्णांच्या तोंडात उपकरणे असल्यामुळे त्यांना विरोध करता येत नसे. दोन-चार दिवसांत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सारे मला "सापडलं का अजून काही?" असे विचारू लागले.

मावसभावाच्या मडक्याने माझी झोप मात्र उडवली. दगड खरा ठरला, तर खणणे थांबणार, खोली होणार नाही आणि बाबा दिवाणावरच राहणार. दगड खोटा ठरला, तर खोली होईल. पण ज्या माणसाला इतक्या महिन्यांनी बोलावेसे वाटले, त्याला आपण चुकलो हे त्याच खोलीत बसून आयुष्यभर आठवत राहील. बाबा आता सकाळी खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसत, मातीचे ढेकूळ फोडून पाहत, गवंड्याला प्रश्न विचारत. जेवताना ते म्हणाले, "ज्यानं घडवला तो उजव्या हाताचा असणार." कुणाविषयी तरी अंदाज बांधण्यात त्यांना रस वाटू लागला होता. तो कुणीतरी काही लाख वर्षांपूर्वी वारला असेल, ही गोष्ट गौण होती.

गवंड्याने थेट विचारले, "साहेब, खणू का थांबू?" मी त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितले. त्याने खड्ड्यावर पत्रे टाकले आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. जाताना पत्नीला म्हणाला, "ताई, साहेबांची चौकशी आटोपली की बोलवा. तोवर माझा मुलगाही गवंडी होईल."

चौकशी हा माझा प्रांत असल्यामुळे मी ती पद्धतशीर सुरू केली. प्रथम मूल्यांकन. आमच्या धंद्यात वस्तूची मूळ किंमत घेतात आणि जितकी वर्षे झाली तितका घसारा वजा करतात. पंखा असो वा पिठाची गिरणी, वय वाढले की किंमत उतरते. हा नियम मी आयुष्यभर निष्ठेने पाळला आहे. तो मी दगडाला लावला. मूळ किंमत ठाऊक नव्हती म्हणून उदारपणे धरली. तरीही पहिल्या काही वर्षांतच दगडाची किंमत संपली, आणि उरलेल्या लाखो वर्षांचा घसारा पाहता दगडच मला काही देणे लागत होता. मी आकडेमोड पुन्हा तपासली. चूक नव्हती.

"मग आता?" पत्नीने विचारले.

"बाजारभाव पाहावा लागेल."

जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक घड्याळे, पितळी दिवे आणि तडे गेलेल्या आरशांच्या मध्ये बसला होता. त्याने दगड हातात न घेताच पाहिला, म्हणजे तो अनुभवी असावा.

"प्रमाणपत्र आहे?" त्याने विचारले.

"ते असेल तर किंमत सांगाल?"

"प्रमाणपत्र असेल तर किंमत कशाला सांगू? मग तो सरकारजमा होतो. विकताच येत नाही."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर साहेब, हा दगड आहे."

मी बाहेर येऊन फूटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. दगड खरा असेल तर तो माझा नाही, आणि माझा असेल तर तो खरा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा दावा माझ्यापुढे आला नव्हता, आणि आला असता तर मी तो फेटाळला असता.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "किंमत कुणी विचारली? आहे काय ते विचार." म्हणून मी वस्तुसंग्रहालयात फोन केला. तिथल्या अभ्यासक बाईंनी दगड घेऊन या म्हणून सांगितले. शिवाय "आहे तसाच आणा" असेही. त्या तीन शब्दांचा अर्थ मला आणि माझ्या पत्नीला वेगवेगळा लागला, आणि दोघांनाही चुकीचा.

आमच्या घरातून कोणतीही वस्तू मळकट स्थितीत बाहेर जात नाही. दुरुस्तीला द्यायचा मिक्सरसुद्धा पत्नी आधी घासून पुसून देते. दुरुस्त करणाऱ्याने आपल्याविषयी काय समजावे, हा तिचा प्रश्न असतो. तिने दगड रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवला, सकाळी तारेच्या घासणीने घासला आणि कडेच्या खाचांतली माती निघेना तेव्हा तिथे फरशीचे अॅसिड लावले. फेस आला, म्हणून तिला समाधान वाटले. दगड वाळल्यावर मी माझ्या परीने भर घातली. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालतात, नाहीतर वस्तूंची अदलाबदल होते. जाड बाजूला रंग बसेना, म्हणून मी निमुळत्या कडेवर, जिथे टवके काढून सपाट जागा झाली होती तिथे, सुवाच्य अक्षरात लिहिले: 'मुद्देमाल क्र. १'.

बाबांनी ते पाहिले. मग म्हणाले, "दोन कधी सापडतो?" हा उपरोध होता की आशा, हे मला अजून कळलेले नाही.

संग्रहालयात आम्ही तिघेही गेलो. बाईंची खोली लांबट होती. टेबलावर बशांत दगडांचे तुकडे, प्रत्येक बशीत कागदाची चिठ्ठी. बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांनी टॉवेल उलगडला, आतला स्वच्छ, चकचकीत, क्रमांकित दगड पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"हे कुणी धुतलं?"

"मी," पत्नी अभिमानाने म्हणाली.

"कशानं?"

पत्नीने सांगितले. बाईंनी खुर्चीला पाठ टेकवली. दगडाला चिकटलेली माती हाच मोठा पुरावा असतो, कोणत्या थरातला दगड आहे ते त्या मातीवरूनच कळते, हे त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत समजावले. माझ्या पत्नीची मान हळूहळू खाली गेली. मी तिच्या मदतीला काही बोलणार होतो, इतक्यात बाईंनी विचारले, "आणि हा क्रमांक?"

"अदलाबदल होऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"कशाशी?"

मी टॉवेलची घडी घालू लागलो.

मग बाईंनी भिंग घेतले. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बाईंनी दगड उलटा केला, सुलटा केला, कडेवरून नख फिरवले. शेवटी विचारले, "मिळाला कुठे? नेमकी जागा सांगा. घरामागे जमिनीत मिळाला असेल, तर आम्हाला तिथलं काम थांबवून नीट पाहावं लागेल."

मी तोंड उघडले, पण बाबा आधी बोलले. "जमिनीत नाही मिळाला. वाळूच्या गाडीतून आला."

पत्नी चटकन वळली. "बाबा!"

"गाडीतून आला," बाबा बाईंकडे पाहतच म्हणाले. "मी समोर होतो. काम थांबवायची गरज नाही."

"काही गाडीतून वगैरे नाही हो," पत्नी म्हणाली. "वाळूची गाडी अजून आलेलीच नाही. खड्ड्यातून निघाला. गवंड्यानं फेकला आणि बाबांनी उचलला. तुम्ही या, बघा, थांबवा हवं तर."

"सूनबाई, तू आत होतीस."

"मी खिडकीत होते."

"खिडकीतून खड्डा दिसत नाही."

"दिसतो! मी रोज बघते तुम्हाला तिथं बसलेलं. कुणाशी तरी बोलत असता." तिने आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "थांबू दे ना काम. बसतील माझे पाहुणे स्टुलावर."

"त्या दिवशी ती बाई पेटता पेटता राहिली," बाबा म्हणाले. "तुला तुझी खोली मिळालीच पाहिजे. एका दगडापायी कसले हट्ट!"

बाई आळीपाळीने दोघांकडे पाहत होत्या. त्यांच्याकडे येणारी माणसे आपला दगड जुना असल्याबद्दल भांडत असावीत. आपला दगड दुसऱ्याच्या सोयीसाठी नाकारणारी आणि दुसऱ्याच्या आनंदासाठी पत्करणारी माणसे त्यांनी पाहिली नसावीत. मीही पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच घरात राहत होती. खोटा जबाब ओळखणे हा माझा पेशा. पण इतक्या सरळ चेहऱ्याने कुणी आपलेच नुकसान करून घेणारा खोटा जबाब देताना मी प्रथमच ऐकत होतो. आणि तोही आयुष्यभर लोकांच्या मीटरचे आकडे ताडून पाहिलेला माणूस.

"तुम्ही सांगा," बाई मला म्हणाल्या. "तुम्ही तर चौकशीच करता ना?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. बाबांच्या नजरेत हुकूम होता आणि पत्नीच्याही. फक्त हुकूम उलटे होते. अशा वेळी आमच्या खात्यात एकच मार्ग उरतो, तो मी अवलंबला.

"जबाब परस्परविरोधी असले की आम्ही जागेची पाहणी करतो," मी म्हणालो. "आपण घरी यावं."

बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पत्रे बाजूला करून, चपला काढून खड्ड्यात उतरल्या. कुंपणापलीकडे डॉक्टर एका रुग्णाला खुर्चीत तसाच ठेवून उभे होते. रुग्णही थोड्या वेळाने गालात कापूस धरून त्यांच्या शेजारी आला. बाईंनी खड्ड्याची भिंत खरवडली, माती बोटांत चुरडली, आणि वरपासून तळापर्यंत पुन्हा पुन्हा तेच केले. मग एका जागेतून त्यांनी विटेचा तुकडा ओढून काढला. त्याच्या खालून बाटलीचे बूच निघाले. दगड जिथून निघाला होता त्याच्याही बऱ्याच खालून प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा निघाला.

"ही इथली माती नाही," त्या म्हणाल्या. "भराव आहे. वसाहत बांधताना कुठून तरी गाड्या भरून आणून टाकलाय. काम थांबवायचं काही कारण नाही."

गवंड्याला बोलावता येईल, एवढेच माझ्या डोक्यात आले. पत्नी मात्र बाबांकडे पाहत होती. बाबांचा चेहरा मीटर वाचून निघालेल्या माणसासारखा झाला होता.

"म्हणजे नुसता दगड," ते म्हणाले.

"असं कोण म्हणालं?" बाईंनी खड्ड्यातूनच हात पुढे केला. बाबांनी खिशातून दगड काढून दिला. "हातकुऱ्हाड आहे ही. माणसानं केलेली. दोन्ही बाजूंनी टवके काढलेत, नीट, विचार करून. फक्त कुठली ते आता सांगता येणार नाही. आमच्या दृष्टीनं अर्धी गोष्ट हरवलीय." मग 'मुद्देमाल'कडे पाहून त्या म्हणाल्या, "थोडी इथंही हरवलीय. आणि एक मला विचारायचंय. ओळखलीत कशी? चांगली शिकलेली माणसं अशी हत्यारं पायरीला बसवतात."

"हातात बसला," बाबा म्हणाले.

मी मूल्याचा प्रश्न काढला. बाईंनी सांगितले, पैशात काही नाही. विद्यार्थ्यांना हाताळायला देण्याच्या बशीत ठेवता येईल. बाबांनी तो तिथेच देऊन टाकला. मला विचारले नाही.

खोली महिनाभरात उभी राहिली आणि बाबा तिथे राहायला गेले. यानंतर सर्व काही सुरळीत झाले असते. परंतु डॉक्टरांनी, यावेळी कुणाला न सांगण्याची अटही न घालता, आपल्या रुग्णांना सांगून टाकले की संग्रहालयाच्या बाईंनी बाबांची नजर मानली. पहिला दगड इस्त्रीवाल्याने आणला. मग दूधवाल्याच्या भावाने. मग पलीकडच्या वसाहतीतून लोक येऊ लागले; कुणाच्या बागेत सापडलेला, कुणाच्या आजोळचा, कुणी वर्षानुवर्षे दाराला अडसर म्हणून लावलेला. भरावाची माती कोणत्या टेकडीवरून आणली होती, याचाही बाबा येणाऱ्या प्रत्येकाकडे तपास करत. नव्या खोलीत इतकी माणसे मावेनात, म्हणून पत्नीनेच सुचवले, "बाबा, संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसत जा ना." आता संध्याकाळी ती आणि मी नव्या खोलीत बसतो. तिच्या मैत्रिणीही तिथेच येतात. तिथे शेगडी नाही, एवढा फायदा झाला.

मागच्या आठवड्यात एका जळालेल्या गोदामाच्या पाहणीला गेलो असता मला मागच्या उतारावर एक दगड दिसला. काळपट, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता. मी तो उचलला, आणि अंगठा खळग्यात अगदी नेमका बसला. मी दगड धुतला नाही. त्यावर काही लिहिले नाही. माती सांडू नये म्हणून रुमालात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला.

बाहेरच्या खोलीत गर्दी होती. मी सरळ पुढे जाऊ लागलो तेव्हा गालात कापूस धरलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, रांग आहे." मी हे माझे घर असल्याचे सांगितले. "आमचीही घरं आहेत," ते म्हणाले. मी रांगेत उभा राहिलो.

माझी पाळी आली. बाबांनी रुमाल उलगडला, दगड उजव्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, कडेवरून नख फिरवले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"दगड आहे," ते म्हणाले.

"पण बाबा, हातात बसतोय," मी म्हणालो.

"तुझ्या," बाबा म्हणाले आणि दगड रुमालासकट माझ्या ओंजळीत ठेवून त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. "पुढचं कोण?"